वजनाच्या आदल्या दिवशीचा हुरडा

गेल्या जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही मंगळवेढ्याला हुरडा खायला गेलो. खर्च एकूण एक हजार तीनशे साठ रुपये: डिझेल नऊशे, शेतावरच्या लहान पोरांना खाऊ तीनशे चाळीस, येताना चहा एकशे वीस. हुरड्याचे पैसे कुणी घेतले नाहीत. हजर होतो ते मी, माझी बायको, आमची मुलगी, तिच्या कॉलेजच्या बोट क्लबातल्या तीन मैत्रिणी, आणि यजमान म्हणून त्यांच्यातल्याच एकीचे चुलते. दुसऱ्या दिवशी सकाळी या चार मुलींची शर्यत होती आणि शर्यतीआधी त्यांचं वजन व्हायचं होतं. हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, त्या वजनाची आकडेमोड गेले तीन आठवडे मीच करत होतो.

सोलापुरात बोट क्लब आहे असं सांगितलं की पाहुणे आधी हसतात. पुण्याचा माझा मेहुणा म्हणाला होता, "तुमच्याकडं नळाला पाणी तीन-चार दिवसांनी येतं, आणि पोरी बोटी चालवतात?" पण क्लब आहे. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याच्या तलावाच्या काठावर पत्र्याची एक लांबलचक शेड, आत लोखंडी घोड्यांवर पालथ्या घातलेल्या बोटी. चौघींची बोट इतकी लांब की आमच्या घराच्या पुढच्या दारात तिचं टोक ठेवलं तर दुसरं टोक मोरी ओलांडून बोळात जाईल. रुंदी मात्र बसणारीच्या कमरेएवढी. पहिल्यांदा बघितली तेव्हा बायको म्हणाली, "ही बोट आहे की पन्हाळ?"

तिला दुसरी गोष्ट अजून पटलेली नाही. वल्हवणाऱ्या चौघीही पाठ पुढं करून बसतात. जिथं जायचं ते कुणालाच दिसत नाही, जिथून निघालो तेवढं दिसतं. आमची मुलगी बोटीच्या अगदी टोकाला बसते आणि मधूनमधून मान वळवून पुढचं बघते, पायाच्या बुटानं सुकाणू फिरवते. बाकीच्या तिघींनी तिच्यावर विसंबून ओढायचं. बायको म्हणते, "हिला स्कूटी सरळ चालवता येत नाही, आणि तिघींना मागं तोंड करून नेते."

मुलगी तिसऱ्या वर्षाला होती. बाकी तिघी दुसऱ्या वर्षाच्या. एक वैरागची, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी. एक सोलापूरच्या पूर्व भागातली, जिच्या घरी अजून दोन माग चालतात आणि जी फोनवर आईशी तेलुगूत भांडून आमच्याशी मराठीत हसायची. आणि तिसरी मंगळवेढ्याची, तीही वसतिगृहातलीच, चौघींचा ताल धरणारी. तिघींना आणखी एक वर्ष होतं. आमच्या मुलीला नव्हतं. त्या रविवारच्या आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन बोटी विद्यापीठाच्या शिबिराला जाणार होत्या. तिला तिथं जायचं होतं. तीन वर्षं पहाटे पाचला उठून ती तलावावर जात होती ती एवढ्यासाठी. तिनं हे आमच्यापाशी एकदाच बोलून दाखवलं, तेही भांडी विसळताना, पाठ करून.

त्यांची बोट हलक्या गटात होती. हलक्या गटाचा नियम असा की चौघींच्या वजनाची सरासरी सत्तावन्न किलोच्या वर जाता कामा नये. म्हणजे चौघी मिळून दोनशे अठ्ठावीस. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. टॉवेल आमच्याकडं वजनावर जातो. डझनामागं किती ग्रॅम कमी-जास्त झालं यावर माल परत येतो. त्यामुळं हा नियम ऐकल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मुलीच्या वाट्याला किती येतं ते मी काढलं, स्वयंपाकघरातला छोटा काटा ओट्यावर आणून ठेवला आणि तिची भाकरी मोजायला लागलो. दीड भाकरीची एक झाली, एकीची अर्धी. मैत्रिणींनाही तिच्याकरवी सांगून पाठवलं. त्यांनीही ऐकलं.

बायको पहिल्या दिवसापासून विरोधात होती.

"पोरगी आहे ती. टॉवेल नाही, ग्रॅमात मोजायला."

"नियम आहे तो. मी केला का?"

"नियम सत्तावन्नचा आहे. अर्ध्या भाकरीचा तुम्ही केलाय."

मुलगी म्हणायची, "आई, राहू दे की. जमतंय मला." आणि उठून ताट ठेवायची. शुक्रवारी सरावाला चौघींचं वजन झालं ते दोनशे सव्वीस किलो आठशे. एक किलो दोनशे ग्रॅम हाताशी शिल्लक. मी खूश होतो.

आता हुरडा मध्येच कसा आला ते सांगतो. मंगळवेढ्याच्या मुलीच्या चुलत्यांनी महिनाभर निरोप धाडला होता की, पोरींना घेऊन या, कणसं आता भरलीत, पुढच्या आठवड्यात दाणा निब्बर होईल, मग काय उपयोग. हुरडा काही थांबत नाही. आणि शनिवारी क्लबाच्या मॅडमनी सराव ठेवला नव्हता. विश्रांती घ्या म्हणाल्या होत्या. या मॅडम तिशीच्या, सांगलीकडच्या, कृष्णेत वल्हवायला शिकलेल्या. त्यांनी शुक्रवारी निघताना मुलींना एकच बजावलं होतं: "उद्या बाहेरचं काही खाऊ नका. घरचंच खा."

यावर आम्ही घरात रीतसर चर्चा केली. बाहेरचं म्हणजे वडापाव, भेळ, पाणीपुरी, हॉटेलचं जेवण. हुरडा काही बाहेरचा नव्हे. शेत चुलत्यांचं, ज्वारी त्यांची, चटणी त्यांच्या घरची. माझं मत असं पडलं की हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी, निम्मा दाणा तर पाणीच. एक माणूस किती खाईल? दोन मुठी, फार तर तीन. एक किलो दोनशे ग्रॅममध्ये चौघींचा हुरडा आरामात बसतो. मुलीनं एकदा विचारलं, "मॅडमना फोन करून विचारू का?" मी म्हणालो, "कशाला त्रास देतेस त्यांना? सुट्टी आहे त्यांची." हुरड्याला जायचं का म्हणून फोन करून विचारणं आमच्या कुणाच्याच डोक्यात बसलं नसतं. भाकरी खाऊ का असं कुणी विचारतं का?

शेजाऱ्यांची सात आसनी गाडी मागून घेतली आणि गेलो. शेतात बांधाच्या कडेला आगटी पेटवलेली होती, गोवऱ्यांचा आर धगधगत होता. चुलते उकिडवे बसून कणसं आरात खुपसायचे, भाजली की काढून तळव्यावर चोळायचे आणि गरम दाणे सरळ आमच्या ताटलीत. बरोबर शेंगांची चटणी, गूळ, दही. एका बाजूला ताकाची कळशी.

मी मुलीला हळूच म्हणालो, "दोन मुठी."

चुलत्यांनी ऐकलं. "काय मोजताय सायेब? हुरडा मोजून खात न्हाईत. मोजायचा असता तर पोत्यात भरून इकला असता की."

"उद्या त्यांचं वजन आहे."

"वजन असू द्या की. पोरी बगा कशा झाल्यात, वल्हं वडायचं म्हंता आन् अंगावर मांस न्हाय. आमच्या पोरीला तर सुट्टीत वळखलं न्हाय मी. घे गं, लाजू नको, खा."

वैरागची म्हणाली, "काका, आमच्यात पण हुरडा असतोय, पण असली चटणी न्हाय."

"मग घे की आणखी. चटणी का मोजून आणलीय?"

पूर्व भागातलीनं आयुष्यात पहिल्यांदा आगटीवरचा हुरडा खाल्ला. तिनं आधी दोन दाणे चाखले आणि मग कुणाशी बोलली नाही, नुसती खात राहिली. आमची मुलगी पहिल्या दोन मुठींनंतर माझ्याकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघायचं बंद केलं. चटणी तिखट आणि चांगली खारी. त्यावर ताक. परत हुरडा, परत ताक. बायको माझ्याशेजारी बसली होती, चेहऱ्यावर इतकं समाधान की मी माझीही ताटली पुढं केली. खरं सांगायचं तर मीही मोजायचं सोडून दिलं होतं. ऊन मऊ होतं, चौघी एकमेकींच्या ताटल्यांतून पळवापळवी करत होत्या, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा आमची मुलगी तोंडात घास असताना हसली.

येताना मोहोळला चहा घ्यायचा म्हणून लांबच्या रस्त्यानं आलो. गाडीत चौघी झोपल्या होत्या. घरी पोचल्यावर मुलगी तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "लई तहान लागलीय." तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली. मीठ पाणी धरून ठेवतं. धुतलेला टॉवेल आणि सुका टॉवेल यांच्यात किती फरक पडतो हे मला कुणी सांगायला नको होतं. पण आता काय करणार?

रविवारी सकाळी सात वाजता तलावावर वजनं सुरू झाली. शेडच्या बाहेर फरशीवर काटा ठेवलेला, टेबलाशी शर्यतीचे पंच. आमच्या चौघी एकामागून एक चढल्या. पंचांनी बेरीज केली, मी ती त्यांच्या आधीच केली होती. दोनशे एकोणतीस किलो चारशे. एक किलो चारशे ग्रॅम जास्त.

मॅडमनी काट्यावरचा आकडा वाचला. "शुक्रवारी व्यवस्थित होतं. काल काय खाल्लंत?"

मंगळवेढ्याची म्हणाली, "हुरडा, मॅडम."

"मी काय सांगितलं होतं?"

"बाहेरचं खाऊ नका."

"मग?"

"मॅडम, आमच्याच शेतातला होता."

मॅडमना हसू येत होतं की राग, मला कळलं नाही. मी पुढं झालो. "मॅडम, यांची चूक नाही. मी नेलं होतं." मुलीनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मान फिरवली. त्या नजरेत काय होतं ते मी इथं लिहीत नाही.

पंचांनी सांगितलं, आठ वाजेपर्यंत आणखी एकदा वजन देता येईल. एक तास होता. शेजाऱ्यांची गाडी तिथंच उभी होती आणि मागच्या सीटवर दोन जाड सोलापुरी चादरी होत्या, पहाटेच्या गारठ्यासाठी आणलेल्या. मी म्हणालो, "चादरी गुंडाळून तलावाच्या भरावावरून पळवू यांना. घामानं जाईल. माणशी साडेतीनशे ग्रॅमच आहे." दुसऱ्या एका कॉलेजच्या मुली जॅकेट घालून पळत होत्याच, मी त्यांच्याकडं बोट दाखवलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, घाम म्हणजे पाणी. पाणी काढून घेतलेल्या मुलीला मी बोटीत बसवणार नाही. तळ्याच्या मध्यावर चक्कर आली तर तिथं ग्रॅम कामाला येणार नाहीत."

मी पळणाऱ्या मुलींकडं दाखवलेलं बोट खाली घेतलं.

"दुसरा मार्ग आहे," त्या मुलींना म्हणाल्या. "हलक्यातून खुल्या गटात जाता येतं. यादी आठला बंद होते. पण खुल्यात पाच बोटी आहेत, मुली तुमच्यापेक्षा उंच आणि वजनदार. हलक्यात तुम्ही पहिल्या आला असता. खुल्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही ठरवा."

हे कठीण होतं, कारण हलक्या गटात फक्त तीन बोटी होत्या आणि डिसेंबरात आमच्या मुलींनी उरलेल्या दोन्हींना हरवलं होतं. हातातलं शिबिर त्यांच्या हातून जात होतं. तिघी आमच्या मुलीकडं बघत होत्या. वैरागची म्हणाली, "ताई, आमचं पुढल्या वर्षी होईल. तू सांग."

मुलगी पाण्याकडं बघत म्हणाली, "पळून पळून बोटीत मेल्यागत बसण्यापेक्षा खुल्यात जाऊ की. पोट तरी भरलेलं आहे."

पूर्व भागातली म्हणाली, "माझं तर अजून भरलेलं आहे." आणि चौघी हसल्या. मी हसलो नाही.

खुल्या गटाची शर्यत नऊ वाजता होती, अंतर एक किलोमीटर. मी आणि बायको भरावावर जाऊन उभे राहिलो. वारा नव्हता. सहा बोटी लांब, पाण्यावर पडलेल्या काड्यांसारख्या दिसत होत्या. निशाण खाली गेलं आणि त्या निघाल्या. आमची बोट ओळखता आली ती टोकाला बसलेल्या आमच्या मुलीच्या पिवळ्या टोपीवरून. ती टोपी चौथी होती. थोड्या वेळानंही चौथीच होती. बायको माझा दंड धरून उभी होती आणि घट्ट दाबत होती, जणू मीच वल्हवतोय.

अर्ध्यावर आल्यावर मॅडम काठावरून सायकलवर त्यांच्याबरोबर येताना दिसल्या, एक हात उंच करून. त्या ओरडत नव्हत्या. मला वाटलं, त्यांनी आशा सोडली. मग मला दिसलं की पुढच्या बोटींची वल्ही पाण्यात वाकडीतिकडी पडू लागली होती, मुली पाठीतून वाकत होत्या. आमची वल्ही मात्र पहिल्यासारखीच पडत होती, चारही एकदम, मागावर धोटा जावा तशी. पिवळी टोपी तिसरी झाली. बायको ओरडायला लागली. तिला नावं घ्यायची सुचत नव्हती, ती नुसतंच "ओढा गं, ओढा की!" म्हणत होती. भरावावरचे दोन अनोळखी मेंढपाळही थांबून बघू लागले आणि तेही ओरडले.

पहिली बोट पुढं निघून गेली होती. तिला कुणी पकडणार नव्हतं. दुसरी आणि आमची एकत्र रेषेवर गेल्या. तिथून आम्हाला काहीच कळलं नाही. मी घाईघाईनं उतरून शेडकडं निघालो, बायको मागून म्हणाली, "सावकाश, चप्पल निसटेल," आणि निसटलीच.

निकाल लागायला वेळ लागला. पंच आपापसांत बोलत होते. चौघी बोट खांद्यावर घेऊन आल्या, घोड्यावर ठेवली, पुसायला लागल्या. त्या बोट पुसत असताना कुणाशी बोलत नाहीत, ही त्यांची क्लबातली रीत आहे. हरो वा जिंको, आधी बोट कोरडी. मी जवळ उभा राहिलो. मग मुलगी पुसता पुसताच म्हणाली, माझ्याकडं न बघता,

"बाबा, शेवटी हातात जोर उरला होता."

"म्हणजे?"

"रोज शेवटच्या भागात माझे हात संपतात. आज संपले नाहीत. कुणाचेच नाही संपले."

मंगळवेढ्याची म्हणाली, "काका, तीन आठवडे मी सातशे मीटरनंतर डोळे मिटून वल्हवत होते. आज उघडे होते."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पोरींच्या भाकरीतून काढलेले ग्रॅम मला एकदम आठवले, सगळे.

पंचांनी नावं वाचली. आमच्या मुली दुसऱ्या. अर्ध्या वल्ह्याच्या अंतरानं. वैरागची खाली बसून रडायला लागली आणि पूर्व भागातलीनं फोन काढून आईला तेलुगूत सांगितलं, इतक्या मोठ्यानं की आईला फोनची गरज नव्हती. आमची मुलगी बायकोच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडं आली, माझ्या शर्टाला ओले हात पुसले आणि म्हणाली, "दीड भाकरी. आजपासून."

"दीड," मी म्हणालो.

"आणि काटा कपाटात."

"कपाटात."

मॅडम आल्या. "काका, यांना खुल्या गटातच ठेवते आता," त्या म्हणाल्या. "घरी यांची भाकरी मोजली जाते हे मला कळलं असतं तर आधीच ठेवलं असतं." हे त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यांनी पुढं सांगितलं की शिबिराची नावं आजच विद्यापीठाला जाणार, आणि प्रत्येकीची अनामत आजच भरायची. कपडे आणि विमा त्यातूनच होतो. कॉलेजचे क्रीडाशिक्षक शेडमध्ये टेबल टाकून बसले होते.

वसतिगृहातल्या दोघींकडं एवढे पैसे नव्हते. पूर्व भागातलीचे वडील माल घेऊन हैदराबादला गेले होते. चुलत्यांचा फोन आला. त्यांची पुतणी म्हणाली, "काका, आमी दुसऱ्या आलो. शिबिराला चाललो, पण अनामत आजच भरायचीय," आणि पलीकडून काय आलं ते शेडभर ऐकू आलं: "व्हय? मग पैशाचं सायेबास्नी सांग, भरा म्हनावं, मी उद्या एस्टीनं येतोय." मी फोन घेऊन म्हणालो, घाई नाही, भरतो मी. वैरागच्या आणि पूर्व भागातल्या मुलीच्या घरून पैसे त्याच आठवड्यात आले. चुलते तर खरंच दुसऱ्या दिवशी दारात उभे होते.

माणशी बाराशेप्रमाणे चौघींची अनामत चार हजार आठशे रुपये मी त्या रविवारी दुपारी कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांकडे रोख भरली आणि चौघींच्या नावाच्या चार वेगळ्या पावत्या घेतल्या.